आधी वाटाणा, मग हरिश्चंद्र

गॅदरिंगची नोटीस लागली की होस्टेलवर दोन प्रकारची मंडळी दिसायला लागतात. एक, 'यंदा एकांकिका करायचीच' म्हणणारी. दुसरी, 'बघू, वेळ मिळाला तर' म्हणणारी. गंमत अशी की महिन्याभराने दोघांच्याही हातात तेवढंच असतं, म्हणजे भोपळा! एकांकिका, कविता, शॉर्टफिल्म, एखादी चाल, या अंकासाठी एखादा लेख, असं काहीतरी करावंसं वाटणारी मुलं-मुली प्रत्येक मजल्यावर आहेत. पण चार वर्षं संपतात, सामान आवरताना जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर नुसतं एक शीर्षक सापडतं. त्याखाली काहीच नाही.

कारण विचारा, उत्तर ठरलेलं: "सबमिशन होतं ना यार!" सबमिशन खरंच असतं, मान्य. पण त्याच सबमिशनच्या काळात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पत्त्यांचा डाव रंगतो, हेही रेक्टर सरांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा वेळ हे कारण अर्धंच. उरलेलं अर्धं कोणी बोलून दाखवत नाही. ते म्हणजे भीती.

ही भीती कसली असते बघा. व्हायवाचीही भीती वाटते, पण व्हायवाला निदान पोर्शन असतो. नवीन काही रचायचं तर पोर्शनच नाही. कुठून सुरू करायचं, किती झालं म्हणजे पुरे, बरोबर आलं की चूक, सगळंच अधांतरी. त्यात आपण तुलना करतो तीही उलटी. पुरुषोत्तम करंडकाला दुसऱ्या कॉलेजची एकांकिका बघतो ती पूर्ण बसलेली, लाईट-म्युझिकसकट. त्यांची पहिली तालीम, विसरलेले संवाद, फाडलेलं स्क्रिप्ट आपल्याला दिसत नाही. मग त्यांचा शेवट आणि आपली सुरुवात शेजारी-शेजारी ठेवतो आणि स्वतःलाच नापास करतो.

या भीतीचं काय करायचं, याचं एक झकास उदाहरण आपल्याच मातीत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचं जे. जे. स्कूल आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकलेले. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग असं बरंच काही करून झालेलं. चाळिशीच्या आसपास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक मूकपट पाहिला आणि डोक्यात घेतलं, की आपल्या पुराणकथांवर असाच चित्रपट काढायचा. घरात बायको-मुलं, हातात पैसा नाही, आणि देशात हे शास्त्र शिकवणारी एकही संस्था नाही. विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले, १९१२ च्या सुरुवातीला लंडन गाठलं, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि परत आले.

आता त्यांच्या जागी आपण असतो तर? एवढं कर्ज काढून आणलेला कॅमेरा! एकतर दुसऱ्या दिवशी थेट राजा हरिश्चंद्राचा दरबार उभा करायला निघालो असतो, नाहीतर छातीत धडकी भरून कॅमेरा माळ्यावर टाकला असता.

फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला.

त्या कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि साधारण महिनाभर थोडी-थोडी चित्रं घेत राहिले. पडद्यावर ती सलग दाखवली तेव्हा बी फुटून रोपटं डोळ्यांदेखत वर येताना दिसलं. या छोट्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. आज आपण याला टाइम-लॅप्स म्हणतो. जरा हिशोब करा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं धरत. म्हणजे एका मिनिटाला ९६०. महिन्यात वाटली तर दिवसाला अवघी ३२! ना सेट, ना कपडेपट. नट म्हणजे एक वाटाणा, तोही पगार न मागणारा.

पण या वाटाण्याने केवढी कामं केली! कॅमेरा नीट चालतो का, उजेड किती लागतो, फिल्म घरी धुता येते का, पडद्यावर चित्र हलतं का, या सगळ्या शंकांची उत्तरं मिळाली. शिवाय पैसे देणाऱ्यांना दाखवायला हातात काहीतरी आलं. "मला जमेल हो" असं सांगण्यापेक्षा पडद्यावर वाढणारं रोपटं दाखवणं कितीतरी सोपं. त्यावर भांडवल उभं राहिलं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि नुसते दागिने देऊन त्या थांबल्या नाहीत. फिल्म धुण्यापासून तिला भोकं पाडण्यापर्यंतची कामं त्यांनी केली.

पुढच्या अडचणी संपल्या का? छे! तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी तारामती केलं. सिनेमात काम करणं हलकं समजत, म्हणून नटांनी बाहेर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं सांगायचं ठरलं. परेश मोकाशींच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं. (पाहिला नसेल तर एखाद्या रविवारी कॉमन रूममध्ये जरूर लावा.) अखेर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

आता यातली मेख. भीती ही बऱ्याचदा एका मोठ्या 'जमेल का?'च्या रूपात येते. या प्रश्नाला उत्तरच नाही. पण तोच प्रश्न फोडला की आतून लहान-लहान प्रश्न निघतात, आणि त्यांची चाचणी घेता येते. आपण इंजिनिअरिंगवाले हे रोज करतो की! पूर्ण सर्किट सोल्डर करायच्या आधी ब्रेडबोर्डवर लावून बघतो. तिथे एलईडी पेटला नाही म्हणून कोणी 'माझ्यात टॅलेंटच नाही' म्हणून रडत बसत नाही. वायर तपासतो. मग कवितेच्या बाबतीतच का रडायचं?

मानसशास्त्रही हेच सांगतं. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली, 'हे काम मी करू शकतो' हा विश्वास कुठून येतो याची मांडणी केली. त्यांनी चार वाटा सांगितल्या: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्याला करताना पाहणं, कोणीतरी धीर देणं, आणि शरीर-मनाच्या त्या वेळच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात भक्कम वाट पहिली. म्हणजे आधी आत्मविश्वास गोळा करू, मग सुरुवात करू, हा क्रमच उलटा आहे. आणि चौथ्या वाटेचा धडा असा, की स्टेजवर हात थरथरले म्हणजे आपल्याला येत नाही, असा अर्थ काढायची काही सक्ती नाही.

तेव्हा आपापला वाटाणा शोधा. एकांकिका लिहायचीय? दोन पात्रांचं एकच पान लिहा आणि रूम-पार्टनरला समोर बसवून मोठ्याने वाचा. संवाद तोंडात बसतात का, एवढंच बघायचं. शॉर्टफिल्म करायचीय? मेसच्या रांगेचा एक मिनिट मोबाईलवर घ्या, आवाज नीट ऐकू येतो का तपासा. दर खेपेला एकच शंका, एकच चाचणी. फसली तर एक संध्याकाळ गेली, सेमिस्टर नाही. दागिने-बिगिने गहाण टाकायची तर अजिबात गरज नाही!

राहिला 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न. होस्टेलवर खेचाखेची होणारच, ती इथली परंपरा. म्हणून पहिला खर्डा सगळ्या मजल्याला वाचून दाखवू नका. एक-दोघं निवडा आणि विचारताना 'कसं वाटलं?' असं मोघम विचारू नका. 'कुठे कंटाळा आला?' असं विचारा, दुरुस्त करता येईल असं उत्तर मिळेल. आणि सर-मॅडमना एक विनंती: कोणी बिचकत-बिचकत कागद पुढे केला तर त्याला मार्क देऊ नका, पुढचं पान कधी आणतोस एवढं विचारा. तेवढ्यानेही काम होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाटाणा उगवला म्हणजे यशाची गॅरंटी मिळत नाही. फाळक्यांनाही ती नव्हती; १९४४ साली नाशिकला ते गेले तेव्हा त्यांची परिस्थिती हलाखीची होती. पण करायचं ते त्यांनी करून ठेवलं होतं, आणि ते शंभर वर्षांनीही पुसलं गेलेलं नाही. भीतीसुद्धा पूर्ण जात नाही. ती शेजारी बसून राहते, नकोशा पाहुण्यासारखी. बसू द्या. तुम्ही कुंडीला पाणी घाला.

मग काय मंडळी, आज रात्री जेवणानंतर एक पान?