स्नोबोर्डच्या पोटात आजही लाकूडच का असतं? गोष्ट बर्फावरच्या सुतारकामाची

पन्हाळा तालुक्यातलं कोडोली म्हणजे वारणेच्या खोऱ्यातला ऊसपट्टा. इथं आभाळातून पांढरं काही पडलंच तर ती गार, आणि तीही वळवाच्या पावसात. पण मोबाईलवर बर्फ रोज पडतो. कुणीतरी फळीवर उभं राहून डोंगरावरून सुसाट खाली येतं, हवेत गिरकी घेतं, धप्पकन उतरतं आणि रील संपते.

आपल्याला त्यात वेग दिसतो. पण तीच रील एखाद्या सुतारानं बघितली तर त्याला वेगळाच प्रश्न पडेल. एवढी वाकते, एवढी आपटते, तर ही फळी मोडत कशी नाही?

उत्तर ऐकून त्याला बरं वाटेल. त्या चकचकीत, रंगीत बोर्डाच्या आत लाकूडच आहे.

सुरुवातच झाली सुतारकामाच्या तासाला

१९६३ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत टॉम सिम्स नावाचा आठवीतला मुलगा होता. त्याला स्केटबोर्डचं वेड, पण हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ. मग शाळेतल्या सुतारकामाच्या तासाला त्यानं बर्फावर चालेल अशी लाकडी फळी बनवली. पुढं तो स्केटबोर्ड आणि स्नोबोर्ड बनवणारा मोठा उद्योजक झाला.

दोन वर्षांनी, १९६५ च्या नाताळात, मिशिगन राज्यातल्या शेरमन पॉपेन या इंजिनिअरनं आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी-शेजारी जोडून एक फळी केली. बायकोनं तिला नाव दिलं ‘स्नर्फर’. स्नो आणि सर्फर या दोन शब्दांची ती जोडणी. पुढच्याच वर्षी ब्रन्सविक कंपनीनं ती बाजारात आणली. ही स्नर्फर लाकडी होती, पुढच्या टोकाला दोरी होती आणि पाय बांधायची काहीच सोय नव्हती. तोल गेला की माणूस एकीकडं आणि फळी दुसरीकडं.

याच स्नर्फरवर वाढलेल्या जेक बर्टन कार्पेंटरनं १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले. गंमत बघा, कार्पेंटर म्हणजे सुतार. गडी आडनावानं सुतार, पण शिकलेला अर्थशास्त्र. लाकडाचे पातळ थर चिकटवून, घासून, मोडून त्यानं नमुन्यांवर नमुने केले. कंपनीला मात्र नाव दिलं ते मधलं, ‘बर्टन’. आज स्नोबोर्डच्या धंद्यातलं हे सगळ्यात ओळखीचं नाव आहे. १९९८ मध्ये जपानच्या नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंग आलं. शाळेतल्या त्या तासापासून ऑलिम्पिकपर्यंत पोचायला ३५ वर्षं लागली.

अर्थात, फळीवर उभं राहून बर्फावरून घसरणं हा काही अमेरिकेचा शोध नव्हे. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकडच्या डोंगरात पेत्रान नावाचं गाव आहे. तिथं लोक पिढ्यानपिढ्या लाकडी फळीवर उभं राहून, एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात काठी धरून उतार उतरत आले आहेत.

मग आतमध्ये नेमकं असतं काय?

स्नोबोर्ड हे थरांचं सँडविच असतं. मधोमध लाकडाचा गाभा. त्याच्या वर-खाली राळेत भिजवलेलं काचतंतूंचं कापड, म्हणजे फायबरग्लास. तळाला गुळगुळीत प्लॅस्टिक आणि कडेनं पोलादी पट्टी. हे सगळं साच्यात घालून उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात.

पोलादी पट्टी कशाला? बैलगाडीचं चाक आठवा. तुंबा, आरे सगळं लाकडी, पण जमिनीला लागते ती लोखंडी धाव. लाकूड झिजू नये म्हणून धाव. इथं तीच पट्टी आणखी एक काम करते, घट्ट बर्फात रुतून वळण घ्यायला मदत करते.

आता मुख्य भाग, गाभा. तो एका अखंड फळीचा नसतो. लाकडाच्या अरुंद पट्ट्या उभ्या शेजारी-शेजारी चिकटवून तो तयार होतो. कारण कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. रुंद फळी हवामान बदललं की वाक धरते, पीळ खाते, आणि एखादी गाठ आली की नेमकी तिथंच मोडते. पट्ट्या केल्या की गाठी काढून टाकता येतात आणि एका पट्टीचा पीळ दुसरी सावरते. रेषे मात्र टोकापासून टोकापर्यंत लांबीच्या दिशेनं ठेवतात, कारण वाकण्याचा ताण त्याच दिशेनं येतो.

हा गाभा मध्ये जाड आणि दोन्ही टोकांकडं पातळ होत जातो. मध्ये साधारण ७-८ मिलिमीटर, तर टोकाला जेमतेम २. पायाखाली ताकद हवी आणि टोकाला लवचिकता, म्हणून ही उतरण. रंध्याचे दोन हात जास्त पडले तर बोर्ड लुळा होतो, कमी पडले तर ताठर.

फोम, प्लॅस्टिक का नाही?

फोमचे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोकळ गाभे वापरून झालेत, काही बोर्डांत आजही असतात. पण बहुतेक कंपन्या लाकडावरच थांबतात. लाकूड वाकतं आणि उसळून मूळ जागी येतं. हजारो वेळा वाकलं तरी लवकर थकत नाही. खालून येणारे हादरे पोटात घेतं. शिवाय पायाची पकड बसवायला जे स्क्रू लागतात, ते धरून ठेवतं. क्रिकेटच्या बॅटला विलो लागतो त्यामागंही असंच गणित आहे, वजन कमी आणि मार सोसायची ताकद जास्त.

स्नोबोर्डसाठी पॉप्लर, बीच, ॲश, पावलोनिया आणि बांबू वापरतात. यातलं पॉप्लर आपल्याला परकं नाही. काश्मीरमध्ये सफरचंदाच्या पेट्या त्याच्याच होतात. हरियाणातल्या यमुनानगरचा प्लायवूड उद्योग बराचसा पॉप्लरवर चालतो. म्हणजे कोडोलीतल्या एखाद्या कपाटाच्या प्लायवूडमध्ये आणि गुलमर्गच्या उतारावरच्या बोर्डात एकाच जातकुळीचं लाकूड असू शकतं. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत मोजलं तरी जवळपास १९०० किलोमीटरचं अंतर आहे.

घरी बनवतात ते कसं?

युरोप, अमेरिका, जपानमध्ये सुतारकामाची हौस असलेले बरेच जण हिवाळ्याआधी स्वतःचा बोर्ड स्वतः बनवतात. त्यातला सोपा प्रकार म्हणजे ‘पावसर्फर’. तो भुसभुशीत, ताज्या बर्फावर चालवायचा असतो. त्याला पाय बांधायची पकड नसते, पोलादी कडही नसते. म्हणजे पुन्हा जुनी स्नर्फरच.

लाकडाचे पातळ पापुद्रे गोंद लावून साच्यावर ठेवायचे, हवाबंद पिशवीत घालायचे आणि पंपानं हवा ओढून घ्यायची. बाकी दाब बाहेरची हवाच देते. दीड मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद बोर्डावर हा भार सुमारे साडेतीन टन होतो. एवढे शिकंजे लावायला गेलात तर दुकानातले संपतील! गोंद वाळला की वळलेल्या नाकासकट फळी तयार. मग कापायची, घासायची, पाण्यापासून वाचवायला लेप द्यायचा आणि तळाला मेण लावायचं.

असा बोर्ड कडक, दाबलेल्या बर्फावर नेऊ नये. कड नसल्यामुळं तो तिथं पकड घेत नाही आणि थांबवता येत नाही. हेल्मेट तर हवंच.

आपला काय संबंध?

भारतात स्नोबोर्डिंग होतं ते मुख्यतः काश्मीरच्या गुलमर्गला आणि उत्तराखंडच्या औलीला. २०२० साली पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा झाल्या, तेव्हा गुलमर्गला स्नोबोर्डिंगही होतं. कोडोलीच्या पोरांना तिथं जायचं म्हणजे प्रवास, कपडे, भाड्याचा बोर्ड असा सगळाच खर्च. सगळ्यांना जमेल असं नाही.

पण खरा मुद्दा बर्फाचा नाही. टॉम सिम्सला आठवीत बोर्ड करता आला, कारण शाळेत करवत होती, लाकूड होतं आणि त्यासाठी वेळापत्रकात तास होता. आपल्याकडंही कार्यानुभव हा विषय आहे. तो तास किती वेळा गणिताला किंवा इंग्रजीला दिला जायचा, हे शाळेतले दिवस आठवून तुम्हीच सांगा. दुसरीकडं गावागावात रेषा, गाठ, पीळ बघून लाकूड ओळखणारे सुतार आहेत. गाडी-नांगराचं काम गेलं आणि तयार फर्निचर आलं, तसं त्यांचं हे ज्ञान विचारणारं कुणी उरलं नाही. महागड्या बोर्डाचा कारखाना नेमकं हेच ज्ञान वापरतो.

आणि बर्फ नसला तरी अडत नाही. स्केटबोर्डची फळीसुद्धा अशीच होते. लाकडाचे साधारण सात पापुद्रे, गोंद, साचा आणि दाब. चालवायला डोंगर नको, सिमेंटचं सपाट अंगण पुरतं. एक सुतार, चार पोरं आणि कार्यानुभवाचा एक तास मिळाला, तर पहिली फळी कोडोलीतही होऊ शकते.