दोन कर्जत आणि एक खापरपणजोबा

पूर्वजांचा शोध घ्यायला निघालेला कर्जतकर बहुधा गावाच्या नावापाशीच फसतो. कर्जत दोन आहेत. एक रायगडातलं, रेल्वेचं, पूर्वी कुलाबा जिल्ह्यात असलेलं. दुसरं आपलं, गोदड महाराजांचं. राशीन आणि सिद्धटेक याच तालुक्यातली. संगणकावर नुसतं ‘कर्जत’ टाकलं की दोन्हीकडचे पणजोबा एकाच रांगेत येऊन उभे राहतात. त्यात आपला जिल्हा आता अहिल्यानगर झाला. जुन्या कागदात तो अहमदनगरच सापडणार.

दुसरी फसगत पारावरची. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि ‘आपली कागदं हैदराबादला आहेत’ हे वाक्य इकडेही रुजलं. ते मराठवाड्याचं खरं. लगतचा आष्टी तालुका निजामाच्या राज्यात होता. कर्जत मुंबई इलाख्यात. त्यामुळे कर्जतच्या घराचे कागद शोधायचे ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आणि नगरला, पेशवेकाळापर्यंत मागे जायचं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात. आजी आष्टीकडची असेल तर तिच्या माहेराचा धागा मात्र खरोखरच निजामाच्या दप्तरात शिरतो.

आता कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. लोक आजोबांचं नाव आणि अंदाजे जन्मसाल घेऊन येतात, पानं उलटतात, नाव नाही म्हणून परत जातात. नाव असणार कसं? नोंद बारशाआधीची. तिथे बापाचं नाव, जात, तारीख आणि अपत्य मुलगा की मुलगी, एवढंच बहुतेक वेळा लिहिलेलं. आजोबा हवे असतील तर पणजोबांच्या नावाने शोधावं लागतं. मग त्यांच्या नावावर चार वर्षांत तीन मुलगे निघतात. त्यातले आजोबा कोणते हे ठरवायला मृत्यूच्या रकान्याकडे वळावं लागतं, कारण तीनातलं एखादं मूल सहा महिन्यांतच तिथे सापडतं. या वहीइतकं खरं आणि निष्ठुर पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. ती कोणाचं घराणं मिरवायला लिहिलेलीच नव्हती. किती जन्मले, किती मेले, कशाने मेले, हे सरकारला हवं होतं. कोणताही जुना कागद हाती आला की तो कोणी, कशासाठी लिहिला, हे आधी विचारावं. निम्मे गैरसमज तिथेच गळतात.

सातबाऱ्याचंही तसंच. ‘उताऱ्यावर आजोबांचं नाव नाही, म्हणजे ते त्या घरातले नव्हते,’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. नावापुढची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नाव थोरल्याचं, मागे धाकटे भाऊ उभे. ‘अ.पा.क. आई’ म्हणजे वारस अज्ञान, पालनकर्ती आई. घराण्याच्या वंशावळीत नुसतेच पुरुष भरलेले असतात, पण वारसाच्या फेरफारात विधवा आणि मुली नावानिशी भेटतात. बायकांचा माग लागत नाही, असं म्हणणाऱ्यांनी फेरफार उघडलेला नसतो.

आडनाव एक म्हणून कूळ एक, हे तर सोडूनच द्या. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही हुद्द्याची नावं. गावोगाव वेगळी घराणी. उलट एकाच घराची एक शाखा वतनावरून ओळखली जाते, दुसरी मूळ गावावरून. म्हणून तालेवार सरदाराचं आडनाव जुळलं की लगेच फेटा बांधू नये.

मोडीची भीतीही फुकाची. ती गुप्त लिपी नव्हे, कारकुनी हात आहे. सराव केला तर काही महिन्यांत वाचता येते. खरी अडचण तारखेची. पेशवाई कागदावरच्या शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतं, फसलीत 590 किंवा 591.

‘आपल्याकडे कुठे नोंदी ठेवतात, साहेबाकडे असतात,’ असाही एक सूर असतो. नगरमध्ये त्याचा मासलाच आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातले जर्मन नागरिक पकडून नगरच्या छावणीत ठेवले. त्यात बासेल मिशनचे पाद्रीही होते. त्या महायुद्धातल्या कैद्यांची लाखो कार्डं जिनिव्हाला रेडक्रॉसकडे आहेत आणि आज घरबसल्या बघता येतात. खापरपणजोबा नगरला कैदेत होते, हे अशा जर्मन घरातल्या मुलीला एखाद्या कार्डावरून कळू शकतं. पण ती नोंदही प्रेमाने ठेवलेली नाही. तारेच्या आत किती माणसं आहेत, ते मोजायचं होतं.

राहता राहिली 1967 ची गोष्ट. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, हे सर्वांना पाठ झालंय. मात्र जुना कागद हाती आला म्हणजे काम झालं, असं नाही. त्यातला माणूस आपलाच, हे बापाकडून पिढी पिढी जोडून दाखवावं लागतं. एका गावात एकाच नावाचे दोन बाप असू शकतात, आणि कोतवालाने त्यांच्यातला फरक लिहून ठेवलेला नसतो.