देवाची स्तुती कशाबद्दल?

१६७६ च्या नोव्हेंबरमध्ये तीस वर्षांचा तत्त्वज्ञ लायब्निझ हेगला जाऊन स्पिनोझा या दुसऱ्या तत्त्वज्ञाला भेटला. पुढच्याच वर्षी स्पिनोझा वारला आणि त्याचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जग आहे त्याहून वेगळं होऊच शकलं नसतं, असं त्यात ठामपणे मांडलं आहे. त्रिकोणाचे गुणधर्म जसे त्याच्या स्वरूपातून निघतात, तसं सारं काही ईश्वराच्या स्वरूपातून अटळपणे निघतं. तिथे निवडीला जागाच नाही.

तत्त्वज्ञ देकार्त दुसऱ्या टोकाला होता. त्याच्या मते गणिताची सत्यंसुद्धा ईश्वराने ठरवली म्हणून सत्य, आणि चांगलं तेही त्याने ठरवलं म्हणूनच चांगलं.

या दुसऱ्या मतावर लायब्निझने १६८६ मध्ये नेमकं बोट ठेवलं. ईश्वराने याच्या उलट केलं असतं तरी तेही तितकंच स्तुत्य ठरणार असेल, तर मग स्तुती कशाबद्दल करायची? साऱ्या वादाचं मर्म मला या प्रश्नात दिसतं. स्तुतीला चांगुलपणाची स्वतंत्र कसोटी लागते आणि खरा पर्यायही लागतो. देकार्त कसोटी काढून घेतो, स्पिनोझा पर्याय. लायब्निझला दोन्ही हवे होते.

१७१० च्या ‘थिओडिसी’ या ग्रंथाच्या शेवटी त्याने एक कथा रचली आहे. देवी पॅलस थिओडोरस नावाच्या पुजाऱ्याला एका पिरॅमिडमध्ये नेते. त्यातली प्रत्येक खोली म्हणजे एक शक्य जग. एका खोलीत रोमचा राजपुत्र सेक्स्टस छोटी बाग विकत घेऊन सुखाने जगतो. दुसरीत राजकन्येशी लग्न करतो. शिखरावरच्या खोलीत मात्र तो रोममध्ये एका स्त्रीवर अत्याचार करतो, आणि त्यातूनच रोम स्वतंत्र होतं. तेच आपलं जग, सर्वांत चांगलं. पिरॅमिडला शिखर आहे, तळ नाही.

आता खरी अडचण. सर्वोत्तम तेच निवडणं ईश्वराच्या स्वभावातच असेल, तर उरलेल्या खोल्या नुसत्या देखाव्यापुरत्या नाहीत का? लायब्निझचं उत्तर असं, की त्या जगांत कोणतीही आत्मविसंगती नाही. चौकोनी वर्तुळ अशक्य असतं. न निवडलेलं जग तसं नसतं. कारणं कल देतात, सक्ती करत नाहीत.

अनेकांना ही पळवाट वाटते. मला वाटत नाही. सचोटीचा कारकून लाच घेणार नाही, याची आपल्याला पक्की खात्री असते. तरी लाच घेणं त्याला अशक्य नसतं, म्हणून तर श्रेय त्याचं. सेक्स्टसचा बळी ठरलेल्या स्त्रीला या हिशेबात न्याय मिळतो का, हा प्रश्न लायब्निझला सुटला नाही, असं माझं मत आहे. पण खात्री आणि सक्ती यांतला त्याचा भेद देव मानणाऱ्यालाही हवा आणि न मानणाऱ्यालाही. तो सोडला, तर कुणाला चांगलं म्हणण्यात अर्थच उरत नाही.