दोर धरणाऱ्याचें कर्तव्य

मराठी मुलास दोर म्हटला कीं सिंहगड आठवतो. इ. स. १६७० मध्यें मावळ्यांनीं रात्रीच्या काळोखांत दोराच्या आधारें कडा चढून तो गड घेतला, आणि तानाजी पडल्यावर सूर्याजीनें परतीचे दोर कापून टाकिले, ही कथा आम्ही सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्या कथेंत दोर कापणारा मोठा ठरतो. ज्या खेळाविषयीं आज आम्ही चार शब्द लिहूं इच्छितों, त्यांत मात्र दोर धरणारा मोठा असतो.

घोरावाडीच्या परिसरांत राहणाऱ्या कोणासही घोरावडेश्वराचा डोंगर नवा नाहीं. कातळांत कोरलेलीं तीं लेणीं, त्यांतील महादेव, महाशिवरात्रीची व श्रावणी सोमवारची गर्दी, हें सारें आपल्या ओळखीचें आहे. पायऱ्यांच्या वाटेनें वर जातां जातां बाजूच्या कातळास हात घालण्याचा मोह कोणास होत नाहीं? आणि पुढें लोणावळ्याकडील नागफणीचा सुळका दृष्टीस पडला म्हणजे तर तो मोह दुणावतो. परंतु कातळ कोणाची परीक्षा आधीं सांगून घेत नाहीं. पावसाळ्यांत त्यावर शेवाळ चढतें. उन्हाळ्यांत घट्ट दिसणारा धोंडाही हातांत सुटून येतो.

या मोहास योग्य वाट मिळावी म्हणून आतां ठिकठिकाणीं चढाईच्या कृत्रिम भिंती उभारिल्या आहेत. पुण्यास शिवाजीनगरांत ‘राजे शिवाजी क्लाइंबिंग वॉल’ या नांवाची अशी भिंत आहे. कोठें कोठें छपराखालीं, व्यायामशाळेंतही त्या असतात. भिंतीवर निरनिराळ्या आकारांचे होल्ड, म्हणजे हातापायांस आधार देणारे खुंटे, बसविलेले असतात व त्यांस धरून चढावयाचें असतें. टोकियो येथें २०२१ सालीं झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथम स्थान मिळालें, आणि मुलामुलींत त्याची आवड वाढत चालली आहे. आईबापांच्या मनांत अर्थातच पहिला प्रश्न येतो कीं, हें सुरक्षित आहे काय? याचें उत्तर आम्ही असें देऊं कीं, भिंत कितीही उत्तम बांधलेली असली तरी तिची सुरक्षितता तिच्या पायथ्याशीं उभ्या असलेल्या दोन माणसांच्या संवयींवर अवलंबून असते.

प्रथम या व्यवस्थेची रचना समजून घेऊं. चढणारा कमरेस व मांड्यांस हार्नेस नांवाचा मजबूत पट्टा बांधतो. दोराचें एक टोंक त्या पट्ट्यास गांठ मारून जोडतात. दोर वर भिंतीच्या माथ्यावरील पक्क्या आधारांतून जाऊन पुन्हां खालीं येतो आणि तेथें उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातीं असतो. या जोडीदारास बिलेयर म्हणतात, व त्याच्या कामास बिले करणें म्हणतात. दोर नायलॉनचा असून त्यास आंत गाभा व वर विणलेलें आवरण असतें. पडणाऱ्याचा झटका सोसण्यासाठीं तो थोडासा ताणतो. म्हणून जमिनीपासून हातभर अंतरावर असतांना दोर ढिला ठेविला, तर दोर असूनही पाय जमिनीस लागतात.

आतां कोणी विचारील कीं, लहानसा मुलगा आपल्याहून मोठ्या माणसाचा भार हातानें कसा तोलून धरील? हाताच्या बळानें तो तोलतच नाहीं. बिलेयरच्या पट्ट्यास कॅराबिनर नांवाची कडी असते व तिच्यांत एक लहानसें साधन अडकविलेलें असतें. दोर त्या साधनांतून वळणें घेत जातो, आणि खालच्या हातानें तो मागें ओढून धरला म्हणजे घर्षणानें जागच्या जागीं थांबतो. विहिरीवर रहाटाचा दोर एकदम सोडला तर काय होतें हें ज्यानें पाहिलें असेल, त्यास या खालच्या हाताचें महत्त्व निराळें सांगावयास नको. तो हात दोरावरून क्षणभरही सुटतां कामा नये. घाम पुसावयाचा असो, मित्रास हांक मारावयाची असो, तो हात दोरावरच पाहिजे.

क्षणभर म्हणजे किती, याचा हिशेब विज्ञानाच्या तासास शिकलेल्या सूत्रानें करून पाहावा. निसटलेला माणूस पहिल्या अर्ध्या सेकंदांत सुमारें सव्वा मीटर खालीं येतो, आणि एका सेकंदांत जवळजवळ पांच मीटर. त्या वेळीं त्याचा वेग ताशीं सुमारें ३५ किलोमीटर झालेला असतो. “काय रे?” एवढे दोन शब्द बोलण्यास लागणाऱ्या वेळांत सारा खेळ आटोपतो. म्हणून बिलेयरनें दृष्टि वर ठेवावी, भिंतीच्या जवळ उभें राहावें आणि गप्पा मारूं नयेत. चढणारा वजनानें पुष्कळ भारी असेल तर बिलेयरच वर उचलला जातो. अशा जोडीस शिक्षकांच्या सल्ल्याशिवाय चढूं देऊं नये.

मागें एका सहलींत घडलेला प्रसंग येथें सांगण्याजोगा आहे. आमच्यांतील सर्वांत तरबेज मुलगा चढावयास निघाला होता व खालच्या वर्गांतील एक लहानखुरा मुलगा त्याचा दोर धरणार होता. गांठ बांधीत असतां कोणी तरी छायाचित्रासाठीं हांक मारिली. मोठा तिकडे वळला, हंसला, आणि परत येऊन भिंतीस हात लावूं लागला. धाकटा म्हणाला, “दादा, गांठ दाखव.”

“मी दहा वेळां चढलों आहें. तूं मला शिकवतोस?”

“शिकवत नाहीं. पण गांठ पाहिल्याशिवाय मी दोर घेणार नाहीं.”

मोठ्यानें रागानेंच खालीं पाहिलें. दोराचें टोंक पट्ट्यांतून ओवलेलें होतें, परंतु तें उलट फिरवून गांठ पुरी केलेली नव्हती. कोणी हंसलें नाहीं. त्यानें मुकाट्यानें गांठ पुरी केली आणि धाकट्यापुढें धरिली.

असें केवळ विद्यार्थ्यांच्याच हातून होतें असें समजूं नये. लिन हिल ही अमेरिकन स्त्री जगांतील अग्रगण्य प्रस्तरारोहकांपैकीं एक. १९८९ सालीं फ्रान्समधील ब्यू येथें तिनें दोर पट्ट्यांत ओवला आणि गांठ पुरी न करितांच ती चढली. माथ्यावर पोहोंचून उतरण्यासाठीं तिनें दोरावर भार टाकिला, आणि वीस मीटरांहून अधिक उंचीवरून ती खालीं आली. झाडाच्या फांद्यांनीं तिचा वेग मोडला म्हणून ती वांचली. तिच्या कौशल्यांत कांहीं उणें नव्हतें. पुढें १९९३ सालीं तिनें एल कॅपिटनच्या प्रचंड कड्यावरील ‘नोज’ हा मार्ग केवळ हातापायांच्या बळावर चढून दाखविला. चूक अज्ञानाची नव्हती, विसराची होती. आणि विसर हा नवशिक्यापेक्षां सरावलेल्याच्याच मागें अधिक लागतो.

या विसरावर उपाय एकच: दर वेळीं, चढण्यापूर्वीं, दोघांनीं एकमेकांस तपासावें. बिलेयरनें चढणाऱ्याचा पट्टा घट्ट आहे कीं नाहीं व बकल नीट लागलें आहे कीं नाहीं, तें पाहावें. त्याची गांठ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, दुहेरी व पुरी आहे, आणि टोंक वीतभर तरी उरलें आहे, याची हातानें चांचपून खात्री करावी. चढणाऱ्यानें बिलेयरच्या साधनांत दोर योग्य बाजूनें ओवला आहे, कॅराबिनरचें कुलूप फिरविलें आहे, व दोराच्या दुसऱ्या टोंकास गांठ आहे, हें पाहावें. ही गांठ नसल्यास उतरवितांना दोर कमी पडून टोंक साधनांतून निसटतें. मग “चढूं?” असें विचारावें, व “चढ” असें उत्तर आल्यावरच पाय उचलावा. आंगठ्या काढून ठेवाव्या, लांब केस बांधावे, आणि चढणाऱ्याच्या खालीं कोणीं उभें राहूं नये. जेथें दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढतात, तेथें खालीं गादी असते. तरीही उडी घेतांना गुडघे वांकवून दोन्हीं पायांवर उतरावें व हात मागें टेकूं नये, नाहीं तर मनगट मोडतें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलास भिंतीवर पाठविण्यापूर्वीं तेथें अर्धा तास जाऊन बसावें. भिंतीची उंची पाहण्यापेक्षां शिक्षक प्रत्येक गांठ स्वतः तपासतो कीं नाहीं तें पाहावें. आणि विद्यार्थ्यांनो, भिंतीवर शिकलेली विद्या अनुभवी माणसावांचून व दोरावांचून डोंगरावर वापरूं नका. घोरावडेश्वराचा कातळ तेथेंच राहणार आहे. तो तुमची वाट पाहील.

जो तुमची गांठ तपासतो, तो तुमच्यावर अविश्वास दाखवीत नाहीं. त्याच्या हातीं तुमचा जीव आहे हें तो जाणतो, इतकेंच. त्याच्यावर रागावूं नका. आणि जेव्हां तुमची पाळी येईल, तेव्हां समोरचा कितीही मोठा असो, “गांठ दाखव” असें म्हणावयास लाजूं नका.