पावसाळी भटकंतीसाठी कोणता कॅमेरा घ्यावा?

आर्द्रा नक्षत्र लागले आणि घाटमाथ्यावर ढग उतरू लागले, की छायाचित्रणाचा नाद असलेल्या भटक्यांपुढे दरवर्षी तोच पेच उभा राहतो. सह्याद्रीचे वर्षातले सर्वांत देखणे दिवस आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने सर्वांत घातक दिवस हे एकच असतात. आंबोलीचा पाऊस थांबला की छायाचित्र घेऊ, असे म्हणणाऱ्याने सरळ दसऱ्यानंतरच तिकडे जावे. अशा वेळी पाण्यात बुडवला तरी चालणारा छोटा, दणकट कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा, की शिल्लक एकवटून फुल फ्रेम मिररलेस घ्यावा? ओळखीतल्या अनेकांनी हा प्रश्न केला आहे. होडी चांगली की बैलगाडी, असे विचारण्यासारखेच हे आहे. वाट कोणती, ते आधी सांगावे लागते. तरीही पैसा एकदाच खर्च होणार असल्यामुळे प्रश्न टाळता येत नाही.

प्रथम सेन्सरचा हिशेब पाहू. ‘फुल फ्रेम’ म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट. हे माप फिल्मच्या काळातले आहे. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर दुप्पट आकाराची चौकट घेण्याची कल्पना जर्मनीतील ऑस्कर बारनॅक यांनी राबवली आणि १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आल्यावर ते माप जगभर रुळले. या सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरते. दणकट कॉम्पॅक्टमध्ये बहुधा जो सेन्सर असतो, तो सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. दोहोंत तीसपटींचा फरक. ॲपर्चर आणि शटरचा वेग सारखाच ठेवला, तर मोठ्या सेन्सरवर एकूण तीसपट प्रकाश जमा होतो. छायाचित्रकारांच्या भाषेत हा जवळपास पाच स्टॉपचा फरक झाला. अंधाऱ्या रानात छोट्या कॅमेऱ्याच्या चित्रात जी रवाळ खर दिसते, तिचे मूळ येथे आहे. काळा कातळ आणि त्यावरून कोसळणारे पांढरेशुभ्र पाणी एकाच चौकटीत धरायचे असेल, तेव्हाही लहान सेन्सर लवकर हात टेकतो.

मात्र हा हिशेब येथेच थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘ऑलिंपस टफ’ मालिकेतील २०१९ चा टीजी-६ किंवा त्याच्यापाठोपाठ २०२३ मध्ये ‘ओएम सिस्टिम’ या नव्या नावाखाली आलेला टीजी-७ घ्या. त्याच्या भिंगाचे ॲपर्चर रुंद कोनात एफ २ इतके मोठे उघडते. फुल फ्रेम घेणारा बहुतेक जण ओझ्याच्या आणि किमतीच्या भीतीने एफ ४ चे झूम भिंग घेतो. एफ २ आणि एफ ४ यांत दोन स्टॉपचे अंतर आहे. म्हणजे पाच स्टॉपची आघाडी प्रत्यक्षात तीनवर येते. तीसपट प्रकाशाचा डंका आठपटीवर उतरतो. झूम पुढे नेला, की कॉम्पॅक्टचे ॲपर्चर एफ ४.९ पर्यंत आकसते आणि अंतर पुन्हा वाढते. तेव्हा महागडी बॉडी आणि तिला साधे भिंग, ही जोडी विकत घेणाऱ्याने आपण नेमके काय विकत घेत आहोत, याचा विचार दोनदा करावा.

आता पाण्याचे पाहू. पाण्याखाली चालणाऱ्या कॅमेऱ्याची कल्पना जुनीच आहे. समुद्रसंशोधक जाक कुस्तो आणि बेल्जियन अभियंता जाँ द वूटर्स यांच्या प्रयत्नांतून ‘कॅलिप्सो’ हा कॅमेरा तयार झाला आणि निकॉनने १९६३ पासून तो ‘निकॉनॉस’ या नावाने विकला. आजचा दणकट कॉम्पॅक्ट त्याच घराण्यातला. टीजी-७ सुमारे २५० ग्रॅम वजनाचा आहे. १५ मीटर खोलीपर्यंत पाणी सोसतो आणि सुमारे दोन मीटरवरून पडला तरी टिकावा, अशी त्याची रचना आहे. अशा कॅमेऱ्यांत झूमसाठी भिंग बाहेर येत नाही. ते आतल्या आत सरकते. कित्येक कॅमेऱ्यांत प्रकाश लोलकातून काटकोनात वळवून सेन्सरवर नेलेला असतो. हलणारा एकही भाग बाहेर नसल्याने पाण्याला शिरायला वाट उरत नाही. उरतात ती फक्त बॅटरीची आणि जोडणीची झाकणे, आणि त्यांच्या कडेची रबरी वळी.

फुल फ्रेम मिररलेसची रचना याच्या अगदी उलट. सोनीने २०१३ मध्ये अल्फा ७ आणला, निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये या वाटेला आले. तेव्हापासून जाहिरातींत ‘वेदर सील्ड’ हा शब्द हमखास असतो. त्याचा अर्थ शिंतोडे आणि धूळ यांपासून बऱ्यापैकी बचाव, एवढाच. बहुतेक उत्पादक पाण्यापासून संरक्षणाची कोणतीही मोजलेली प्रत देत नाहीत. भिंग बदलण्याचे तोंड, पुढे-मागे सरकणारी झूमची नळी, ठिकठिकाणची बटणे असे अनेक सांधे त्यात असतात. झूमची नळी बाहेर काढताना ती बाहेरची दमट हवा आत ओढते, हे तर फारसे कोणी सांगतच नाही.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंगसाठी उतरणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तेथे १५ मीटरची मर्यादा पुरून उरते. फुल फ्रेम पाण्याखाली न्यायचा, तर वेगळी जलाभेद्य पेटी लागते आणि चांगल्या पेटीची किंमत कॅमेऱ्याच्या तोडीस तोड असू शकते. तथापि, कॉम्पॅक्टवाल्यांनीही गाफील राहू नये. झाकणाच्या रबरावर वाळूचा एक कण वा एखादा केस अडकला, तरी पाणी आत शिरते. समुद्रातून बाहेर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याने धुवावा लागतो. रबरी वळी वर्षातून एकदा बदलून घेणे इष्ट. शिवाय हे कॅमेरे पाण्यावर तरंगत नाहीत, त्यामुळे तरंगणारा पट्टा मनगटाला हवाच.

प्रस्तुत लेखकाचे या बाबतीतले शहाणपण काहीसे उशिराचे आहे. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आंबोलीला बेडूक पाहण्यासाठी आमची मंडळी गेली होती. पाठीवर फुल फ्रेम बॉडी आणि २४ ते १०५ मिलिमीटरचे झूम, असे दोघांचे मिळून सव्वा किलोहून अधिक ओझे. पहिल्या रात्री पाऊस असा कोसळला, की कॅमेरा तीन प्लास्टिक पिशव्यांतून बाहेर निघालाच नाही. बरोबरच्या एका गृहस्थांनी खिशातून ओलाचिंब कॉम्पॅक्ट काढला आणि पाण्यावर झुकलेल्या पानाला लटकलेल्या अंड्यांच्या फेसाचे उत्तम छायाचित्र घेतले. मलबार उडत्या बेडकाची ती अंडी होती. माझ्याकडे त्या रात्रीचे एकही चित्र नाही. खरी किंमत मात्र पुढे मोजावी लागली. घरी आल्यावर ओलसर बॅग तशीच कपाटात ठेवली. गणपती गेल्यावर उघडून पाहतो, तो भिंगाच्या आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी पसरलेली. ती साफ करून घेण्याचा खर्च ऐकून घरात दोन दिवस कोणी माझ्याशी नीट बोलले नाही.

बुरशीचा हा मुद्दा खरेदीच्या वेळी कोणीच काढत नाही; परंतु कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी तो आधी काढावा. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे दीर्घकाळ राहिली, की काचेवर बुरशी धरू लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती त्याहून कितीतरी अधिक असते. भिंगे ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवणारी विजेची पेटी मिळते. ती परवडत नसेल, तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढ्यावर काम भागते. फुल फ्रेम घेणाऱ्याने हा खर्च पहिल्याच यादीत लिहावा. बॉडी, एक बरे भिंग आणि ही व्यवस्था धरली, तर नव्या मालाचा आकडा दोन लाखांपलीकडे सहज जातो. कॉम्पॅक्ट साधारण त्याच्या चौथाईत येतो.

किडे, शेवाळ आणि फुले टिपणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लहान सेन्सरचा दोष येथे गुण ठरतो. फुल फ्रेमवर खास मॅक्रो भिंगाने प्रत्यक्षाएवढ्या आकाराचे चित्र घेतले, तर एफ ८ लाही स्पष्टतेची जाडी सुमारे एक मिलिमीटर मिळते; मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर. तेवढीच चौकट कॉम्पॅक्टने पूर्ण उघड्या ॲपर्चरवरही अधिक खोलवर स्पष्ट येते. टीजी मालिकेत विषयाच्या एक सेंटिमीटर जवळ जाता येते आणि अनेक चित्रांतला स्पष्ट भाग एकत्र करून एक चित्र बनवण्याची सोय कॅमेऱ्यातच आहे. मात्र एक सेंटिमीटरवर कॅमेरा नेणे पठारावरच्या दवबिंदूला वा काताळावरच्या फुलाला चालेल, सजीवाला चालेलच असे नाही. आंबोलीचा टोड जगात फार थोड्या जागी उरला आहे. त्याच्या तोंडापुढे काच आणि दिवा नेऊन छायाचित्र घेण्यापेक्षा न घेतलेले बरे. १०० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग त्याला थोडे तरी अंतर देते, हा मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूचा मुद्दा नोंदवायला हवा.

यावर, खिशातल्या मोबाइलने हे सगळे होत नाही का, असे कोणीही विचारील. बरेच काही होते. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आज दणकट कॉम्पॅक्टच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो आणि त्यातील संगणकीय संस्कार अधिक हुशार असतात. म्हणून, ‘मोबाइलपेक्षा चांगले फोटो येतील’ या आशेने कॉम्पॅक्ट घेणाऱ्याची निराशा होईल. तो घ्यायचा, तो मोबाइल जेथे निकामी होतो तेथे. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, हातमोज्यांतून बटण दाबता येत नाही, खाऱ्या पाण्यात मोबाइल उतरवण्याचे धाडस होत नाही आणि पाण्याने झालेले नुकसान हमीत सहसा बसत नाही.

तेव्हा निर्णय माझ्या मते असा घ्यावा. गेल्या दोन वर्षांत आपण स्वतः काढलेली आणि जपून ठेवलेली छायाचित्रे एकदा चाळावीत. त्यांत पहाटेची दरी, मे अखेरीस भंडारदऱ्याला लखलखणारे काजवे, मंदिराच्या गाभाऱ्यातला अंधार अशी चित्रे अधिक असतील, तर कॉम्पॅक्टकडे वळूच नये. काजव्यांसमोर तो अक्षरशः आंधळा ठरतो. अशांनी मागच्या पिढीची, चांगल्या स्थितीतली वापरलेली फुल फ्रेम बॉडी घेऊन वाचलेला पैसा भिंगात घालावा. उलट, चित्रे धबधब्याखालची, ओढ्यातली, समुद्रातली असतील, किंवा पाऊस आला म्हणून न काढलेल्या चित्रांचीच आठवण अधिक येत असेल, तर कॉम्पॅक्ट घ्यावा. बारा मेगापिक्सेलचे चित्र तेरा बाय दहा इंचांपर्यंत उत्तम छापले जाते आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात त्याहून मोठी चौकट टांगलेली नसते.

आंबोलीला आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. मोठा कॅमेरा तेव्हा घरी डब्यात सिलिका जेलच्या सोबतीने होता.