वनस्पतींचे पुनर्स्थापन आणि जनुकीय विविधता : मौना केआवरील एक उदाहरण

संकटग्रस्त वनस्पतीचे पुनर्स्थापन यशस्वी झाले की नाही, हे बहुधा जगलेल्या रोपांच्या संख्येवरून ठरविले जाते. हा निकष किती अपुरा आहे, हे हवाई बेटांतील मौना केआ या ज्वालामुखी पर्वतावरील 'सिल्व्हरस्वोर्ड' या वनस्पतीच्या उदाहरणावरून दिसून येते.

सूर्यफुलाच्या कुलातील ही वनस्पती अनेक वर्षे रुपेरी, लवदार पानांच्या गुच्छाच्या रूपात वाढते, एकदाच फुलते आणि सह्याद्रीतील कारवीप्रमाणे बी धरून मरते. बाहेरून आणलेल्या मेंढ्यांच्या चराईमुळे विसाव्या शतकात तिची मोजकीच झाडे, तीही अवघड कड्यांवर, शिल्लक राहिली. १९७३ नंतर रोपवाटिकेत वाढवलेली शेकडो रोपे पर्वतावर लावण्यात आली. मात्र ही सारी संतती अवघ्या दोन किंवा तीन मातृवनस्पतींची होती.

एलिझाबेथ फ्रायर व सहकाऱ्यांनी २००० साली आठ मायक्रोसॅटेलाइट स्थानांच्या आधारे या वनस्पतीची तपासणी प्रसिद्ध केली. नैसर्गिक समूहाची संख्या कोसळूनही त्यातील युग्मविकल्पांची संख्या लक्षणीयरीत्या घटलेली नव्हती. लागवड केलेल्या समूहात मात्र ती स्पष्टपणे घटलेली आढळली. म्हणजे मेंढ्यांनी जे नष्ट केले नव्हते, ते बचावाच्या प्रयत्नात गमावले गेले! दीर्घायुषी वनस्पतीत ऱ्हासानंतर फारशा पिढ्या उलटलेल्या नसतात. त्यामुळे उरलेल्या मोजक्या झाडांतही जुनी विविधता टिकून राहू शकते. दोन-तीन झाडांच्या बियांतून ती सगळी उचलली जाणे मात्र शक्य नसते.

ही हानी केवळ तात्त्विक नाही. सिल्व्हरस्वोर्डमध्ये स्वपरागणातून बी क्वचितच धरते. परागकण आपला की परका, हे ठरविणारे युग्मविकल्प भावंडांत बरेचसे समान असतात. परिणामी शेजारी फुललेली भावंडेही परस्परांना निरुपयोगी ठरू शकतात. त्यातच प्रत्येक झाड एकदाच फुलत असल्याने गमावलेली संधी पुन्हा मिळत नाही.

उपाय खर्चिक नसला तरी कष्टाचा आहे. कड्यांवरील झाड फुलले की त्याचे परागकण गोळा करून लागवडीतील फुलांवर हाताने घालावे लागतात. नवी रोपे शक्य तितक्या भिन्न मातृवनस्पतींपासून वाढवावी लागतात आणि प्रत्येकीच्या संततीची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते. भरपूर बी देणाऱ्या एका झाडावरच रोपवाटिका भरण्याचा मोह टाळणे, हे यांतील सर्वांत अवघड काम होय.