जंतूंच्या अंगातला पंप

आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी परवा आम्हाला रस्त्यातच अडवले. म्हणाल्या, "अहो, औषध तेच, डॉक्टरही तेच. मागच्या खेपेला महिनाभरात पोराच्या अंगात ताकद आली होती. मग आता त्याच गोळ्यांचा गुण का येत नाही?" मावशींच्या मुलाला क्षय झाला होता. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढले, आणि रोजंदारी बुडते म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. वर्षभराने दुखणे उलटले. मावशींना वाटत होते की गोळ्याच बनावट निघाल्या. शेजारीण सांगत होती की पोराचे शरीर औषधाला सरावले.

दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. शरीर सरावत नाही. सरावतात ते जंतू. आणि ते कसे, हे ज्यांनी आयुष्यभर शोधले त्यांतल्या एका माणसाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

स्टुअर्ट लेव्ही हे अमेरिकेतल्या बोस्टन शहरातील टफ्ट्स विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म १९३८ चा, निधन २०१९ मध्ये. वडील डॉक्टर. महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकलेला हा तरुण पुढे वैद्यकशास्त्राकडे वळला आणि जपानला त्सुतोमु वातानाबे यांच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला. तिथे त्याला एक विलक्षण प्रकार कळला. १९५०च्या दशकात जपानात रक्ती हगवणीचे असे जंतू सापडू लागले होते, की ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसीन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लीन ही चारही औषधे एकदमच चालत नव्हती. एका जंतूजवळ औषधाला तोंड देण्याची युक्ती असली, की तो ती शेजारच्या जंतूला देऊ शकतो, मग तो वेगळ्या जातीचा का असेना! परीक्षेत पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर चिठ्ठी सरकावी, तसा प्रकार. जंतूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएचे एक छोटे कडे असते, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. चिठ्ठी म्हणजे हे कडे. वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत लेख लिहून जगाला हे सांगितले.

आता कोंबड्यांकडे वळू. अमेरिकेत १९५०च्या सुमारास असे आढळले होते, की कोंबड्यांच्या खाद्यात थोडे टेट्रासायक्लीन मिसळले तर त्या लवकर भरतात. कोंबडी आजारी नसतानाही तिला रोज औषध, कारण वजन वाढले की पैसा वाढतो. यात माणसाला काही धोका आहे का, असे विचारले की कंपन्या म्हणत, काही नाही. लेव्हींनी वाद घातला नाही, प्रयोग केला. पैसे पशुऔषधे बनवणाऱ्यांच्या संघटनेनेच दिले होते, ही गंमत आहे. बोस्टनजवळच्या एका शेतकरी कुटुंबाकडे सुमारे ३०० पिल्ले ठेवली. निम्म्यांना साधे खाद्य, निम्म्यांना औषध घातलेले. मग कोंबड्यांची विष्ठा, घरच्या माणसांची विष्ठा आणि शेजाऱ्यांची विष्ठा, सारे नियमाने तपासायचे. हे काम वाचायला किळसवाणे वाटेल, पण ज्ञान असेच मिळते.

आठवडाभरातच औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यांतले बहुतेक जंतू टेट्रासायक्लीनला दाद देईनासे झाले. पुढे काही आठवड्यांत तेच जंतू इतर औषधांनाही जुमानेनात, आणि ती औषधे तर खाद्यात घातलेलीच नव्हती! चिठ्ठीवर एकाच प्रश्नाचे उत्तर नव्हते, चार-पाच प्रश्नांची उत्तरे होती. पाच-सहा महिन्यांनी घरच्या माणसांच्या नमुन्यांपैकी ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जंतू टेट्रासायक्लीनला न जुमानणारे निघाले. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हे प्रमाण ६.८ टक्के होते. आणि त्या घरातल्या माणसांनी स्वतः औषध घेतलेले नव्हते. औषधी खाद्य थांबवल्यावर सहा महिन्यांनी दहापैकी आठ जणांत असे जंतू सापडले नाहीत. हा अहवाल १९७६ मध्ये छापून आला. आम्हाला यातली शेवटची ओळ फार मोलाची वाटते. औषधाचा मारा थांबला की जंतूंचा माज उतरू शकतो, हेही त्याच प्रयोगाने दाखवले.

पण जंतू औषधाला तोंड देतो म्हणजे नेमके काय करतो? टेट्रासायक्लीन जंतूच्या पेशीत शिरून त्याच्या प्रथिने बनवण्याच्या कारखान्यात अडथळा आणते. न जुमानणाऱ्या जंतूंत हे औषध कमी साठते, एवढे ठाऊक होते. शास्त्रज्ञांची समजूत होती की जंतूने दारच बंद केले असावे. लेव्हींच्या प्रयोगशाळेतील लॉरा मॅकमरी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक नामी युक्ती केली. जंतूची पेशी फोडून तिच्या पातळ आवरणाच्या बारीक पिशव्या बनवल्या, त्याही उलट्या, म्हणजे आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत. बाजाराची कापडी पिशवी धुताना आपण उलटी करतो ना, तशा. दार नुसतेच बंद असते तर या पिशव्यांत औषध जमायला नको होते. पण पिशव्यांनी औषध भराभर आत ओढून घेतले! याचा अर्थ उघड होता. सरळ पेशीत हेच यंत्र औषध बाहेर फेकत असणार. जंतूच्या आवरणात पंप बसवलेला होता. बुडत्या होडीतून माणूस तांब्याने पाणी उपसतो, तसा जंतू औषध उपसत होता.

उपसायला ताकद लागते. ही ताकद जंतू आपल्या अन्नपचनातून मिळवतो. अन्न जाळून तो आवरणाच्या बाहेर आम्लाचे कण साठवतो. ते कण पुन्हा आत घुसताना पंप फिरवतात, धरणाचे पाणी चक्की फिरवते तसे. ही ऊर्जा तोडणारे रसायन घातले की पंप थांबतो आणि औषध पेशीत साचू लागते. म्हणजे जंतूचे खाणेपिणे, त्याच्या अंगातली ने-आण आणि औषधाला त्याचा विरोध ही तीन वेगळी प्रकरणे नाहीत.

१९८३ मध्ये लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. आतड्यातला साधा जंतू थोड्याशा टेट्रासायक्लीनमध्ये किंवा क्लोरॅम्फेनिकॉलमध्ये वाढवला, तर चिठ्ठीशिवायही तो हळूहळू अनेक औषधांना पचवू लागतो. त्याच्या स्वतःच्या जनुकांत एक कळ आहे. ती दाबली गेली की पंप वाढतात आणि औषध आत येण्याची भोके कमी होतात. अर्धवट मात्रा ही अशी जंतूंची तालीम ठरते.

साबणाची हकीकतही सांगून टाकू. जंतू मारणारे म्हणून ट्रायक्लोसान घातलेले साबण मोठ्या थाटात विकले जात. १९९८ मध्ये मॅकमरी आणि लेव्ही यांनी दाखवले, की हे रसायन जंतूच्या चरबी बनवण्याच्या एका विशिष्ट कामगारावर, म्हणजे विकरावर, हल्ला करते. जंतू त्या विकरात किंचित बदल करून निसटू शकतो. क्षयाच्या जंतूच्या मेणचट आवरणासाठी लागणारा असाच एक विकर आहे, आणि आयसोनियाझिड ही क्षयाची जुनी गोळी त्याच्यावरच काम करते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घरगुती हात धुण्याच्या साबणांत ट्रायक्लोसान घालण्यास मनाई केली. साध्या साबणाने नीट हात धुणे पुरेसे आहे.

लेव्ही प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. १९८१ मध्ये त्यांनी प्रतिजैविकांचा विवेकाने वापर व्हावा म्हणून एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली. युरोपीय संघाने २००६ पासून वजन वाढवण्यासाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालणे बंद केले. अमेरिकेने माणसांच्या उपयोगाच्या औषधांपुरते तसे २०१७ मध्ये केले. कोंबड्यांच्या त्या अहवालानंतर चाळीस वर्षांनी! आपल्या देशात कोलिस्टीन हे अखेरचे औषध समजले जाते, तेही कोंबड्यांना दिले जात होते. २०१९ मध्ये सरकारने ते खाण्याच्या जनावरांसाठी बनवण्यावर व विकण्यावर बंदी आणली.

आता मावशींच्या मुलाकडे. क्षयाचे जंतू चिठ्ठ्या सरकवत नाहीत. त्यांच्या कोट्यवधी पिलावळीत एखाद्याच्या जनुकात आपोआप बदल होतो आणि तो एका औषधातून वाचतो. म्हणूनच क्षयाला एकदम अनेक औषधे आणि तीही सहा महिने देतात. एकातून वाचलेला दुसऱ्याने मरावा. मध्येच गोळ्या सोडल्या की वाचलेलेच उरतात आणि वाढतात. याला आम्ही त्या मुलाचा निष्काळजीपणा म्हणणार नाही. ज्याच्या घरात दिवसाची मजुरी हीच संध्याकाळची भाकरी, त्याला बरे वाटू लागल्यावर दवाखान्याच्या रांगेत उभे राहा म्हणणे सोपे आहे, करणे अवघड आहे.

मुलाचा बेडका यंत्रावर तपासला. रिफॅम्पिसीन चालत नाही असे निघाले. अशा रोग्यांसाठी चार गोळ्यांची सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. पूर्वी यालाच दीड-दोन वर्षे लागत. त्यातली बेडाक्विलीन ही गोळी जंतूचे ऊर्जा बनवणारे चाकच थांबवते. पण क्षयाच्या जंतूजवळही पंप आहे; त्याचा लगाम तुटला तर तो बेडाक्विलीनही बाहेर फेकतो. तेव्हा या खेपेला गोळ्या सोडून चालणार नाही, हे आम्ही मावशींना उलटी पिशवी दाखवून समजावले. त्यांना पंपाची गोष्ट चटकन पटली. सार्वजनिक नळावर बोअरचा पंप बिघडला की काय होते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सरकारकडून पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. तेवढ्यात घर चालत नाही, म्हणून वस्तीतल्या महिला मंडळाने सहा महिने शिधा देण्याचे ठरवले आहे. पहिले तांदूळ आणि तूरडाळ गेल्या रविवारी पोचली. गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करायचे काम मावशींच्या नातीने अंगावर घेतले आहे.